सादीची ओळ वाचताना ती कोण कोणाला म्हणतंय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की तेराव्या शतकातला फारसी कवी शेख सादी, त्याचं गुलिस्तान हे छोट्या गोष्टींचं पुस्तक इंग्रजीतून वाचायला घेतलं, काही गोष्टी आवडल्या, पण बराचसा भाग सकाळी येणाऱ्या सुविचारांच्या फॉरवर्डसारखा वाटला. एका पानावर एक उपदेश, पुढच्या पानावर बरोबर उलटा, आणि मध्येच बायकांबद्दल, गुलामांबद्दल, पोरांना मारण्याबद्दल असं काही येतं की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. तर आजच्या माणसाने हे वाचावं का, वाचायचं तर कसं, आणि त्यासाठी फारसी शिकावीच लागेल का?

मी बरीच वर्षं फारसी शिकवते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण बरोबर ह्याच जागी अडखळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाचावंच, हे आधी सांगून टाकते. पण सुविचारांचं पुस्तक म्हणून वाचलंत तर हाती काही लागणार नाही. सादीची जवळजवळ प्रत्येक ओळ कोणीतरी कोणालातरी म्हणत असतं, आणि ती म्हणताना बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं, कधी पगार, कधी मान. बोलणारा कोण, समोर ऐकायला कोण आणि बोलण्याची किंमत काय, हे आधी बघायचं आणि मग उपदेश पटतो की नाही ते ठरवायचं. सगळी कळ ह्याच्यात आहे, बाकीचं मी ह्याचंच सांगणार आहे.

सगळ्यात प्रसिद्ध ओळी घेऊ, म्हणजे काय म्हणते ते लगेच दिसेल.

बनी आदम आजा-ए-यक पैकरंद
के दर आफरीनश जे यक गौहरंद

आदमची लेकरं एकाच देहाचे अवयव आहेत, कारण ती घडली एकाच मूळ द्रव्यातून. (काही प्रतींत 'यक पैकरंद'च्या जागी 'यकदीगरंद' आहे, म्हणजे एकमेकांचे अवयव, त्यावर इराणी अभ्यासकांचे वाद आहेत, ते सध्या सोडा.) पुढच्या दोन ओळी म्हणतात की काळाने एका अवयवाला दुखवलं की बाकीच्यांना चैन पडत नाही. 2009 च्या नवरोजच्या संदेशात बराक ओबामांनी ह्यातली पहिली द्विपदी इराणच्या लोकांना ऐकवली होती, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कच्या इमारतीत ह्या ओळी विणलेला इराणी गालिचा आहे, आणि तिथून त्या मग जगभरच्या पोस्टरवर गेल्या. ऐकायला गोड वाटतात, सगळे एक, सगळे भाऊ.

आता ह्या ओळी गुलिस्तानात कुठे येतात ते बघा. पहिला बाब, म्हणजे पहिलं प्रकरण, राजांच्या वर्तनावर आहे, त्यातली ही दहावी गोष्ट. दमास्कसच्या मोठ्या मशिदीत याह्या पैगंबराची कबर आहे असं मानतात, त्या कबरीच्या उशाशी सादी व्रत धरून बसलाय. तिथे एक अरब राजा येतो, अन्यायाबद्दल बदनाम झालेला. नमाज पढतो, आपलं मागणं मागतो, आणि मग सादीला म्हणतो की तुम्हा दरवेशांच्या मनात बळ असतं, माझ्यासाठी दुआ करा, मला एका जबर शत्रूची धास्ती आहे. म्हणजे ह्याने आयुष्यभर लोकांना पिळलं आणि आता स्वतःवर वेळ आली तेव्हा फकिराकडे आलाय. सादी काय म्हणतो? 'बर रैयत-ए-जईफ रहमत कुन, ता अज दुश्मन-ए-कवी जहमत नबीनी.' दुबळ्या रयतेवर दया कर, म्हणजे बलवान शत्रूकडून त्रास होणार नाही. दुआ नाहीच, सरळ तोंडावर उत्तर. त्यानंतरच्या ओळींत तो म्हणतो की कानातला कापूस काढ आणि लोकांना न्याय दे, तू दिला नाहीस तर न्यायाचा दिवस आहेच. आणि ह्या कापसाच्या ओळीला लागूनच येतात त्या बनी आदमच्या ओळी, ज्यांची शेवटची द्विपदी पोस्टरवर बहुतेक वेळा गाळलेली असते:

तो कज मेहनत-ए-दीगरान बेगमी
नशायद के नामत नहंद आदमी

इतरांच्या हालांचं तुला काहीच वाटत नसेल तर तुला माणूस हे नाव शोभत नाही. ह्यातला 'तू' कोण? समोर बसलेला राजा! ज्याच्या एका इशाऱ्यावर मान उतरली असती त्याला तोंडावर सांगितलंय की तू माणसात जमा नाहीस. माझ्या मते फारसी नीतिकाव्यातली ही सगळ्यात धाडसाची जागा आहे, आणि ओळी सुट्या काढल्या की नेमकं ते धाडसच जातं, उरतो तो गोडवा.

राजाला गोष्टीतून सांगायचं ही सादीने काढलेली युक्ती नाही, ती परंपरा आधीपासून चालत आलेली. त्याच्या आधीच्या निजामी ह्या कवीच्या मखजनुल असरार ह्या काव्यात इराणचा जुना राजा नौशेरवान शिकारीला जातो, एका उजाड गावात दोन घुबडं बोलत असतात, राजा वजिराला विचारतो काय म्हणतायत, वजीर सांगतो की एक घुबड लेकीच्या लग्नात दुसऱ्याकडे उजाड गावं मागतंय आणि दुसरं म्हणतंय की हाच राजा राहिला तर एक काय लाखभर देईन. वजीर स्वतःच्या तोंडाने हे म्हणूच शकला नसता, म्हणून घुबड.

पण सादीचा हात वेगळा आहे, तो फार थोड्यात काम करतो. त्याच नौशेरवानची त्याने सांगितलेली मिठाची गोष्ट बघा. शिकारीवर कबाब भाजतायत, मीठ नाही. नोकराला गावात पाठवतात, राजा बजावतो की पैसे देऊन आण, फुकट आणलंस तर रीत पडेल आणि गाव उजाड होईल. लोक म्हणतात एवढ्याशा मिठाने काय बिघडणार? तो म्हणतो, जुलमाचा पाया जगात आधी थोडाच होता, जो आला त्याने भर घातली. आणि खाली बैत, म्हणजे द्विपदी, राजाने रयतेच्या बागेतलं एक सफरचंद खाल्लं तर त्याचे नोकर झाडच मुळासकट उपटतील, सुलतानाने पाच अंडी जुलमाने घेतली तर त्याचं सैन्य हजार कोंबड्या सळईवर लावेल. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या पत्रातलं भाजीच्या देठालाही मन नको हे वाक्य ज्यांच्या कानावर आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, सैन्य आणि भाजीवाली रयत ह्यांच्यातलं नातं दोन्हीकडे तेच. मला ह्यात सगळ्यात आवडतं ते हे की चांगला राजा असावा असं सादी नुसतं म्हणत नाही, चांगल्या राजाच्या हाताखालचा माणूस काय करतो ते तो मोजून दाखवतो, एक सफरचंद वरती, अख्खं झाड खाली.

हे सगळं लिहिलं कधी हेही डोक्यात ठेवायला हवं, नाहीतर पुस्तक शांत बागेत बसून लिहिल्यासारखं वाटतं. बोस्तान, म्हणजे सादीचं पद्यातलं पुस्तक, 1257 मध्ये झालं, गुलिस्तान 1258 मध्ये. 1258 च्या फेब्रुवारीत हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद पाडलं, खलिफा मुस्तअसिमला मारलं, शहर लुटलं. बोस्तानात सादी सांगतो की बगदादच्या निजामिया मदरशात त्याला वेतन मिळत होतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने शिक्षणाचं घरच जळालं. त्याने खलिफावर विलापिका लिहिली, आकाशाने जमिनीवर रक्ताचे अश्रू ढाळले तरी ते योग्यच ठरेल अशा अर्थाने तिची सुरुवात होते. शिराज मात्र वाचलं होतं, कारण फार्सचा, म्हणजे शिराजच्या प्रांताचा, अताबेग (तिथला राज्यकर्ता) अबू बक्र बिन साद मंगोलांना खंडणी देत होता. बोस्तानच्या सुरुवातीला सादी त्याची स्तुती करताना म्हणतो की सिकंदराने याजूज टोळ्यांना अडवायला पितळेची भिंत बांधली, तुझी भिंत सोन्याची आहे. ही ओळ नुसती खुशामत म्हणून वाचली तर ओलांडून पुढे जाल, पण तिच्यात खरी राजकीय परिस्थिती आहे, सोनं मोजलं म्हणून शहर उभं आहे आणि कवीला ते पक्कं ठाऊक आहे. आणि गुलिस्तानच्या प्रस्तावनेत तो लिहितो की ज्या काळात आमची वेळ बरी होती तेव्हा हिजरी सन सहाशे छप्पन्न होतं. बगदाद पडलं ते हेच साल. हे माहीत झाल्यावर ती ओळ परत वाचून बघा.

आता परस्परविरोधाचं. प्रश्नात म्हटलंय एका पानावर एक, दुसऱ्यावर उलटं. बरोबर आहे, तसंच आहे, आणि ते मुद्दाम आहे.

पहिल्या बाबातली चौथी गोष्ट. डोंगरातले दरोडेखोर पकडले जातात, त्यात एक कोवळा पोरगा असतो, वजीर मध्यस्थी करतो की लहान आहे, चांगल्या संगतीत वाढला तर सुधारेल. राजा म्हणतो माफ केलं, पण मला पटलेलं नाही. पोराला वाढवतात, शिकवतात, तो हुशार निघतो, वजीर एकदा राजापुढे त्याची तारीफ करतो तेव्हा राजा हसून म्हणतो, 'आकिबत गुर्गजादा गुर्ग शवद, गरचे बा आदमी बुजुर्ग शवद', लांडग्याचं पोर माणसात वाढलं तरी शेवटी लांडगाच होतं. आणि खरंच, वर्षा-दोन वर्षांनी तो मवाल्यांना मिळतो, वजिराला आणि त्याच्या दोन मुलांना मारून बापाच्या गुहेत जाऊन बसतो.

आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत काय आहे? हमामात कवीला सुगंधी माती मिळते, तो विचारतो तू कस्तुरी की अंबर, ती म्हणते मी मातीच, पण काही काळ गुलाबाच्या संगतीत होते, सोबत्याचा गुण मला लागला. म्हणजे संगतीने मातीही बदलते. मग खरं काय, रक्त की संगत?

आता माझा तो प्रश्न इथे लावा, कोण कोणाला म्हणतंय. लांडग्याचं वाक्य राजाचं आहे, ज्याच्या हातात तलवार आहे आणि ज्याला आपला पहिला निर्णय बरोबर होता हे दाखवायचंय. मातीची ओळ कवीची आहे आणि ती येते अताबेगाच्या स्तुतीच्या लगेच नंतर, म्हणजे कवी आपल्या आश्रयदात्याला म्हणतोय की माझ्यात काही वास असेल तर तो तुमच्या सोबतीचा. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या गरजा. सादीने निकाल दिलेला नाही, त्याने दोन्ही आवाज ठेवलेत. आणि त्या गोष्टीत वजीरही मूर्ख दाखवलेला नाही, त्याची दया खरी आहे, पोरगा पहिल्यांदा बदलतोही. वाचून झाल्यावर मन राजाच्या बाजूने पूर्ण जात नाही, माझं तर कधीच गेलं नाही.

सातव्या बाबाच्या शेवटी तर सादीने ह्याचा तमाशाच मांडलाय. श्रीमंती चांगली की गरिबी ह्यावर एक दरवेश आणि सादी स्वतः भांडतात, सादी श्रीमंतांची बाजू घेतो, युक्तिवाद संपले की शिव्या, मग हातघाई, गळपट्टी धरतात, मागे लोक हसत हसत धावतायत, शेवटी दोघं काझीकडे जातात आणि काझी दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवतो. म्हणजे पुस्तकातला 'मी, सादी' सुद्धा एक पात्र आहे, चिडणारं, हरणारं. हे ध्यानात आलं की त्याच्या प्रवासाच्या हकीगतीही रोजनिशीसारख्या वाचायच्या नाहीत हे कळतं.

'दरोग-ए-मस्लहत-आमेज बेह के रास्ती-ए-फितना-अंगेज', भलं करणारं खोटं हे आग लावणाऱ्या खऱ्यापेक्षा बरं. हे वाक्य लोक ऑफिसातल्या थापांपासून संसारातल्या लपवाछपवीपर्यंत कुठेही लावतात. पहिलीच गोष्ट आहे गुलिस्तानची. एका कैद्याला मारायचा हुकूम झालाय, जिवाची आशा सुटलेला तो माणूस आपल्या भाषेत राजाला शिव्या देतो. राजा विचारतो काय म्हणतोय. एक वजीर सांगतो की राग गिळणाऱ्यांबद्दलचं आणि माफ करणाऱ्यांबद्दलचं कुराणातलं वचन म्हणतोय. राजा विरघळतो, कैद्याला जीवदान देतो. दुसरा वजीर म्हणतो आपल्यासारख्यांनी राजापुढे खरंच बोलावं, ह्याने तर शिव्या दिल्या. राजा म्हणतो त्याचं खोटं मला तुझ्या खऱ्यापेक्षा आवडलं, त्याचं तोंड भल्याकडे होतं आणि तुझ्याचा पाया दुष्टपणावर. ह्या खोट्याने बोलणाऱ्याला काहीच मिळालं नाही, उलट पकडला गेला असता तर तोच गेला असता, आणि वाचला तो तिसराच. एवढ्या अटी पाळून कोणी थाप मारत असेल तर खुशाल सादीचं नाव घ्यावं.

तसंच दुसरं टोक, बुजुर्गमेहर वजिराचं. दरबारात मसलत चालते, तो राजाच्या मताला मत देतो, का विचारलं तर म्हणतो कामाचा शेवट कोणालाच माहीत नाही, चुकलं तर निदान राजाच्या रागातून सुटेन. आणि मग ती कुप्रसिद्ध बैत, राजा दिवसाला रात्र म्हणाला तर म्हणावं, तो बघा चंद्र आणि त्या कृत्तिका. वाचणारे म्हणतात, शी, ही कसली नीती. मी म्हणते ही नीती नाही, हे दरबारात जगणाऱ्या माणसाचं तोंडून निघालेलं सत्य आहे, आणि ते त्याच बाबात आहे ज्यात एक जुलमी राजा साधूला विचारतो की माझ्यासाठी कुठली उपासना श्रेष्ठ, आणि साधू म्हणतो दुपारची झोप, तेवढा वेळ तरी लोकांना त्रास होणार नाही. साधू बोलू शकतो कारण त्याला काही गमवायचं नाही, वजीर बोलू शकत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर भीतीचा अख्खा नकाशा दिसतो.

आता जे खटकतं त्याचं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही.

मारकुट्या मास्तरची गोष्ट घ्या. मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिमेकडे, एक आंबट तोंडाचा, कडू जिभेचा मास्तर, पोरं थरथर कापतायत. त्याला हाकलून मवाळ माणूस आणतात, पोरं अभ्यास सोडून पाट्या एकमेकांच्या डोक्यावर फोडायला लागतात. दोन आठवड्यांनी जुना मास्तर परत. सादीचा 'मी' इथे वैतागतो आणि म्हणतो, सैतानाला देवदूतांचा शिक्षक परत का केला? त्यावर एक म्हातारा त्याला ती बैत ऐकवतो जी पुढे शाळाशाळांतून घोकली गेली, 'जौर-ए-उस्ताद बेह जे मेहर-ए-पिदर', गुरूचा जाच बापाच्या मायेपेक्षा बरा. बैत म्हाताऱ्याची, सादीच्या पात्राला धक्का बसलेला आहे, हे वाचताना सुटू नये. तरीसुद्धा गोष्टीचा कल म्हाताऱ्याकडेच आहे आणि मला तो मान्य नाही, मुलांना मारून शिकवायचं नाही, विषय संपला. संदर्भ बघणं म्हणजे सगळं माफ करणं नाही.

काही ठिकाणी तर कुठलाच संदर्भ मदतीला येत नाही. काळ्या गुलामांबद्दल, ज्यूंबद्दल, कजाग बायकोबद्दलचे जे टोमणे आहेत ते त्या समाजाचे पूर्वग्रह आहेत आणि सादीने ते तसेच उचललेत. पाचव्या बाबात, प्रेम आणि तारुण्याच्या, प्रियपात्र बहुतेक तरुण मुलगे आहेत, आणि जुन्या काही इंग्रजी भाषांतरकारांनी तिथे मजकूर गाळला किंवा मुलाची मुलगी केली, वाचकाला पत्ताही लागू दिला नाही. मला हे लपवणं आवडत नाही. सगळं पूर्ण वाचावं, जिथे चुकतंय तिथे चुकतंय म्हणावं, आणि ज्या माणसाने राजाला तोंडावर सुनावलं त्यालाच घरातल्या गुलामाचं दुःख नेहमी दिसलं नाही, हेही त्याच्याबद्दलचं एक खरं आहे असं धरून चालावं.

आपल्या लोकांच्या हमखास मनाला लागणारी गोष्ट म्हणजे सोमनाथची. बोस्तानच्या आठव्या बाबात, कृतज्ञतेच्या, सादी सांगतो की तो सोमनाथला गेला, हस्तिदंती मूर्तीचा हात रोज पहाटे वर जाताना पाहिला, भक्त असल्याचं नाटक करून राहिला, आणि एका रात्री पडद्यामागे दोरी ओढणारा पुजारी सापडला, मग त्याने त्याला विहिरीत टाकून दगडाने मारलं आणि पळाला. हे वाचून माझ्या वर्गात प्रत्येक वेळी कोणीतरी संतापतं आणि राग येण्यासारखंच आहे ते. पण नीट वाचा, पडद्यामागचा माणूस आहे 'मुतरान', म्हणजे ख्रिस्ती बिशप, आणि तो अग्निपूजक, आणि शेजारी ब्राह्मण, आणि पारशांचे जंद-अवेस्ता, सगळं एकाच देवळात. ज्याने सोमनाथ डोळ्यांनी पाहिलंय तो असं लिहिणार नाही, अभ्यासकही ही गोष्ट रचलेलीच मानतात. शेवट आणखी वेगळा आहे. सादी म्हणतो, आता दुआ मागायला हात वर करतो तेव्हा ती बाहुली आठवते आणि माझ्या अहंकारात माती पडते, कारण हा हातही मी माझ्या बळाने उचललेला नाही, दोरी दुसरीकडून ओढली जातेय. दुसऱ्याच्या धर्माबद्दलचं अज्ञान आणि स्वतःबद्दलची इतकी तीक्ष्ण नजर एकाच गोष्टीत, मला अजून ह्या गोष्टीशी तह करता आलेला नाही आणि करायची घाईही नाही.

आता भाषा आणि कानाचं, कारण भाषांतरात सुविचारासारखं वाटण्याचं अर्धं कारण इथेच आहे. गुलिस्तान गद्य आहे पण यमकांचं गद्य आहे, मध्ये मध्ये बैत. एक वाक्य बघा, दोन माणसांनी फुकट कष्ट केले, 'यकी आन के अंदोख्त ओ नखुर्द, ओ दीगर आन के आमोख्त ओ नकर्द', एक ज्याने साठवलं आणि खाल्लं नाही, दुसरा ज्याने शिकलं आणि केलं नाही. फारसीत अंदोख्त-आमोख्त, नखुर्द-नकर्द असं टाळीवर टाळी वाजतं, मराठीत किंवा इंग्रजीत आलं की उरतं फक्त शहाणपण, आणि नुसतं शहाणपण कोणालाच फार वेळ ऐकवत नाही.

बोस्तान मात्र पूर्ण पद्य आहे, साधारण चार हजार द्विपदी, शाहनाम्याच्याच छंदात, मुतकारिब. आणि इथे मराठी माणसाला एक सोय आयतीच आहे. मुतकारिब म्हणजे लगागा लगागा लगागा लगा (ल लघु, गा गुरू). आपलं भुजंगप्रयात लगागा चार वेळा. म्हणजे 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ज्या चालीत म्हणतो त्याच चालीत बोस्तान म्हणायचं, फक्त शेवटचं एक अक्षर कमी. म्हणून बघा:

चुनां कहतसाली शुद अंदर दमिश्क
के यारां फरामोश करदंद इश्क

दमास्कसमध्ये असा दुष्काळ पडला की प्रेमी प्रेम विसरले. (शुद आणि अंदर जोडून म्हणायचं, शुदंदर, मग ठेका बसतो. वरची बनी आदमही ह्याच ठेक्यात आहे.) ह्याच्या पुढचं चित्र मी वर्गात नेहमी हळू वाचते. जुने झरे आटले, पाणी उरलं ते अनाथांच्या डोळ्यांत. एखाद्या झरोक्यातून धूर निघालाच तर तो विधवेचा उसासा, चूल कुठे पेटत नव्हती. टोळांनी बागा खाल्ल्या, माणसांनी टोळ. अशात कवीला एक मित्र भेटतो, पैशाने उत्तम, पण हाडाला कातडं चिकटलेलं. कवी विचारतो तुला काय झालं, तुझ्याकडे तर आहे. तो दुखावून बघतो, शहाण्याने अडाण्याकडे बघावं तसं, आणि म्हणतो की किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही मित्र बुडत असताना चैन पडत नाही, माझं तोंड माझ्या उपासाने पिवळं पडलेलं नाही, उपाशी लोकांच्या दुःखाने पडलंय. हे म्हणजे बनी आदमचंच, पण इथे उपदेश ऐकून घेणारा सादी स्वतः आहे. एकदा तो राजाला ऐकवतो आणि एकदा मित्राकडून ऐकून घेतो. दोन्ही एका बसणीला वाचा, मग सादी काय चीज आहे ते कळेल.

वाचायचा क्रम विचाराल तर मी सांगेन की बोस्तानच्या पहिल्या बाबातल्या ह्या दुष्काळाच्या गोष्टीपासून सुरू करा, मग गुलिस्तानचा पहिला बाब, मग दुसरा दरवेशांचा, मग कुठेही. दिवसाला एक-दोन गोष्टी, मोठ्याने, आणि प्रत्येक गोष्टीखालची बैत वाचून झाली की थांबून स्वतःला विचारायचं की ही गोष्टीतल्या कोणाच्या तोंडची आहे, की निवेदकाची. गुलिस्तानचा आठवा बाब सगळ्यात शेवटी ठेवा, त्यात गोष्टी जवळजवळ नाहीतच, नुसती वचनं आहेत, आणि नेटवर फिरणारे बरेचसे सादीचे कोट तिथलेच. पहिल्यांदा तोच उघडला तर कंटाळा येणारच. शिवाय 'करीमा' नावाचं जे छोटं पंदनामा, म्हणजे उपदेशाचं काव्य, आपल्याकडच्या मकतबांत (जुन्या शाळांत) पिढ्यानपिढ्या पाठ करून घ्यायचे ते सादीच्या नावावर असलं तरी त्याचं असणं शंकास्पद आहे, त्याच्यावरून सादीचा अंदाज बांधू नका.

भाषांतर इंग्रजीतून वाचणार असाल तर रेहात्सेकचं बघा, 1888 चं. हा मूळचा हंगेरीकडचा, पण आयुष्य मुंबईत गेलं, विल्सन कॉलेजात शिकवायचा, 1891 मध्ये मुंबईतच वारला. भाषा जुनी आहे, वाक्यं अवघडलेली आहेत, पण शब्दाला शब्द ठेवायची त्याची धडपड प्रामाणिक आहे आणि नेटवर फुकट मिळतं. गंजूर नावाच्या साइटवर मूळ फारसी आहे आणि बऱ्याच ठिकाणी इराणी लोकांनी वाचलेलं ऑडिओही, लिपी येत नसली तरी समोर भाषांतर धरून ते ऐकलं तर यमकं आणि ठेका कानात जातो, निदान एवढं तरी जरूर करा.

फारसी शिकावीच लागते का, तर नाही, पण मराठी माणसाला ती वाटते त्यापेक्षा फार सोपी जाते, दख्खनच्या दरबारांनी आपल्या तोंडात शेकडो शब्द आधीच घालून ठेवलेत आणि व्याकरणात लिंगाची भानगड नाही. माधव जूलियन, जे स्वतः फारसीचे प्राध्यापक होते, त्यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश जुन्या वाङ्मयासाठी आजही हाताशी ठेवण्यासारखा आहे, जुन्या ग्रंथालयांत मिळतो. नियमित बसलात तर साधारण वर्षभराने कोश घेऊन गुलिस्तानचं गद्य वाचता येतं असा माझा अनुभव आहे. बोस्तान त्याच्यानंतर घ्या, कारण पद्यात शब्दांच्या जागा बदलतात आणि नवशिक्याला प्रत्येक ओळीत क्रियापद शोधत बसावं लागतं.